पाणी पाजणाऱ्या हाताचे चित्र

मी, दत्तोबा भिवा सुरवसे, वय वर्षे एकसष्ट, पूर्वी कंपनीत पेंटर व सध्या चित्रकलेचे क्लास घेणारा, राहणार मोशी, मूळ गाव भूम तालुक्यातले, आज सोमवार दिनांक १७ नोव्हेंबर २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहायला घेतो. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती नको तितकी चांगली आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही असे येथे लिहावे लागते, आणि ते खरे आहे. पण मी घाबरलेलो आहे, हेही लिहून ठेवतो. घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र चालते का, असे मी तिसऱ्या मजल्यावरच्या योगिनीताईंना विचारले. त्या औषधांचे दुकान चालवतात, पण आमच्या सोसायटीतले सगळे सरकारी कागद त्यांच्याच हातून जातात. त्या म्हणाल्या, "काका, ऑपरेशनची भीती सगळ्यांनाच असते. त्यानं काही बिघडत नाही." मी त्यांना फक्त ऑपरेशनचे सांगितले होते.

ऑपरेशन शुक्रवारी आहे. बायपास. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवले, फार वाईट काढले होते. छाती उघडणार, चार-पाच तास मी कुठे असेन मला कळणार नाही, याची भीती वाटते. पण त्याहून मोठी भीती रविवारची आहे. रविवारी निघोज्याच्या कोंडाजी लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत आहे, आणि सकाळी त्याचा टेम्पो माझ्या घरून एक चित्र न्यायला येणार आहे. मी तेव्हा दवाखान्यात नळ्या लावून पडलेला असेन, किंवा नसेन. मंजुळा घरी एकटी असेल. ते चित्र त्या घरी जाऊ नये, एवढ्यासाठीच हा कागद आहे. फ्लॅट आणि भांड्याकुंड्यांसाठी मी इतका खटाटोप केला नसता.

कलम १. मोशीचा एक खोली-हॉलचा फ्लॅट मी स्वकष्टाने घेतलेला असून त्यात वडिलोपार्जित काही नाही. माझ्या पश्चात तो माझी पत्नी मंजुळा हिचा, तिच्या हयातीनंतर मुलगा शेखर याचा. अट एकच : गॅलरीत वॉशिंग मशीन ठेवू नये. तिथे उत्तरेचा उजेड येतो. शेखर म्हणेल, मेल्यावर यांना उजेड कशाला हवा. नको असेल तर ठेव बाबा मशीन, पण निदान एकदा सकाळी नऊ वाजता तिथे उभा राहून आईचा चेहरा बघ.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल ते मंजुळाचे. तिने ते स्वतःच्या गुडघ्यांवर खर्च करावे, माझ्या दिवसकार्यावर नव्हे.

कलम ३. घोडा, म्हणजे चित्र लावायचा लाकडी स्टँड, पाट्या रंगवायचे चपटे ब्रश, तैलरंगाचे सर्व ब्रश आणि सतरा ड्रॉइंग बोर्ड हे क्लासच्या मुलांना वाटून द्यावेत. सोसायटीचे चेअरमन गणराज यांना त्यातला एकही देऊ नये. त्यांनी गेटवर गणपती काढायला सांगून मला आठ दिवस शिडीवर उभे केले आणि नवव्या दिवशी त्याच गणपतीवर स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावला. तेही सोडून दिले असते. पण घरी येऊन माझी सगळी चित्रे पाहून ते म्हणाले, "सुरवसे, हात चांगलाय हो तुमचा, पण ह्यात बघण्यासारखा एक माणूस नाही. सगळे आपल्यासारखेच." मंजुळाने केलेला चहा त्यांनी वर बशीभर मागून प्यायला.

कलम ४. घरात बत्तीस चित्रे आहेत. राजा-राणी नाही, देव नाही, सूर्यास्त नाही. मोशीच्या मार्केटात पोत्यांची तोंडे शिवणाऱ्या बायका, दोन शिफ्टच्या मधल्या दहा मिनिटांत गेटवर वडापाव खाणारी पोरे, खुर्चीत झोपी गेलेल्या गिऱ्हाइकाची दाढी करणारा न्हावी, अशी. शाळेत इंटरमीजिएटच्या परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असतो : बाजारातला प्रसंग, बसस्टॉपवरचा प्रसंग, माणसे काढा, आठवून काढा. बाकीच्यांनी तो पेपर एकदा दिला, मी आयुष्यभर देत राहिलो. ज्या चित्रात जो माणूस आहे त्याला ते चित्र द्यावे. नावे प्रत्येक चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिली आहेत. जे वारले त्यांच्या घरी द्यावे. घरच्यांना हार घालायचा असेल तर घालू द्यावा.

एकतीस चित्रांचे झाले. आता बत्तिसावे.

कलम ५. हे चित्र अडीच फूट बाय चार फूट, कॅनव्हासवर तैलरंगात. मी निघोज्याला गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका कंपनीत पेंटर होतो. जमिनीवर पिवळे पट्टे मारणे, मशिनांवर नंबर घालणे, सुरक्षिततेच्या पाट्या रंगवणे हे माझे काम. प्रेस मशीनला दोन बटणे असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा साचा खाली येत नाही, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. त्या मशिनांवर "दोन्ही हात, दोन्ही बटणे" ही पाटी मीच रंगवली आहे, लाल अक्षरात, पांढऱ्या कडेसह.

आणि त्याच मशिनांच्या उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलेली असायची. बटण कायमचे दाबलेले राहायचे, मग डाव्या हाताने दुसरे दाबायचे आणि उजव्याने पत्रा सरकवायचा. काम दीडपट निघायचे. आम्ही त्या पाचरीला 'हेल्पर' म्हणत असू. "सात नंबरला हेल्पर लाव रे," अशी हाक दिवसातून चारदा ऐकू यायची. बादली, झाडू, हेल्पर. कोणालाच त्यात वावगे दिसत नव्हते. मलाही नाही, आणि मी तर बघण्याचे काम करणारा.

२०१७ च्या जानेवारीत मी सात नंबर मशिनाचे चित्र काढले. मध्ये भैरू काम करतो आहे. भैरू हा परभणीकडचा, राहायला काळेवाडीला, माझ्या बरोबरीने डबा खाणारा. त्याचा उजवा हात मी फार मन लावून काढला, पत्रा धरलेली चारी बोटे आणि अंगठा. त्याच्या बाजूला वाकून, कंपनीला माणसे पुरवणारा कोंडाजी हातोडीने पाचर ठोकतो आहे. बोटात पोवळ्याची अंगठी. मागे रांगेत बाकीची मशिने. मार्चमध्ये सुरक्षा सप्ताहाला हे चित्र कंपनीच्या कँटीनमध्ये लावले गेले. मॅनेजरसाहेबांनी मला शाल दिली. दोनशे माणसांनी त्या चित्राखाली जेवण केले आणि सुरक्षा सप्ताहाच्या चित्रात पाचर ठोकली जाते आहे हे एकालाही दिसले नाही. कोंडाजी स्वतः बोट दाखवून म्हणाला, "आमी बी हाय बघा ह्यात. अंगठी बी काढलीया."

जूनमध्ये त्या मशिनाने भैरूची चार बोटे नेली. मी बारा पावलांवर पट्टा मारत होतो. मी अजून तो आवाज लिहू शकत नाही.

चौथ्या दिवशी कंपनीत चौकशी बसली. आदल्या संध्याकाळी कोंडाजी मला गेटवर भेटला. शेखर तेव्हा त्याच कंपनीत, त्याच्याच हाताखाली टेंपररी होता. आवाज चढवला नाही, खांद्यावर हात ठेवला. "दत्तोबा, तुमच्या शेखरचं परमनंटचं पत्र टायपिंगला ग्येलंय. उद्या काय बोलायचं ते तुमी शाने हाय, आमी सांगाया नगं." दुसऱ्या दिवशी मला विचारले, पाचर कोणी ठोकली, पाहिली का? कोंडाजी समोरच्या खुर्चीत बसून अंगठी फिरवत होता. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, साहेब. मी पट्टे मारत होतो." चौकशीचा निकाल असा आला की ओव्हरटाइमच्या लोभाने भैरूने स्वतःच पाचर ठोकली. शेखरला पत्र मिळाले. आम्ही पेढे वाटले. मी एक पेढा खाल्ला, तो मला आठवतो.

त्या रविवारी मी कँटीनमधून चित्र घरी आणले. साहेबांना सांगितले, सहा महिने झाले, आता वार्निश करायला हवे. वार्निश केलेही. ते वाळल्यावर त्यावर पोस्टर कलरने हातोडीच्या जागी स्टीलचा तांब्या काढला आणि पाचर झाकून तिथे कापडाचा बोळा काढला. कोंडाजी एकदम पाणी पाजणारा झाला. वार्निशवर पोस्टर कलर धरत नाही, आधी साबणाचे बोट फिरवावे लागते. तो ओल्या कापसाने पुसला जातो, हे मला ठाऊक होते. तैलरंगाने झाकले असते तर कायमचे झाकले गेले असते. ट्यूब हातात घेतली होती, झाकणही काढले होते. खरे बोलायची हिंमत नव्हती, पण ते कायमचे मारून टाकायचीही झाली नाही. आठ वर्षे मी मंजुळाला त्या चित्राला फडके लावू दिलेले नाही. ती म्हणते, सवतीला जपावे तसे जपता.

गेल्या महिन्यात कोंडाजी माझ्या तब्येतीची चौकशी करायला म्हणून आला आणि ते चित्र पाहून उभाच राहिला. त्याला वाटते पहिल्यापासून तसेच होते. माणूस स्वतःचे चांगले किती चटकन आठवतो. "दत्तोबा, म्या पानी पाजतुया न्हवं भैरूला? आवं, ह्ये तर आमच्या हालमदी पायजे. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसंल आमी कामगाराला कसं ठिवलं." मी नाही म्हणू शकलो नाही. त्याच्या हॉलमध्ये ते लागणार आणि घरातली बाई एक दिवस ओले फडके फिरवणार, तांब्या गळून पडणार, या विचाराने माझी झोप गेली आहे. त्याहून वाईट म्हणजे ती बाई कधीच फडके फिरवणार नाही, आणि तांब्याच खरा ठरेल.

म्हणून : सदर चित्र मी भैरूची मुलगी दिव्या हिला देत आहे. कोंडाजी किंवा त्याचा टेम्पो यांचा त्यावर काहीही हक्क नाही. दिव्या नववीपर्यंत माझ्या क्लासला होती. अपघातानंतर यायची बंद झाली. आता काळेवाडीत फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचे काम करते. दोन वर्षांपूर्वी क्लासचा बोर्ड छापायला गेलो तेव्हा भेटली. बापाचे विचारले तर म्हणाली, "काय सांगू सर, पप्पांनी स्वतःच्या हावरेपणानं हात घालवला आणि घरादाराला रस्त्यावर आणलं." मी नुसते "हं" म्हणालो. चौकशीत गप्प बसलो तेव्हा समोर कोंडाजी होता. इथे तर कोणी नव्हते. तरीही.

दिव्या, चित्र मिळाल्यावर लगेच पुसू नकोस. आधी बघ. माणसांचे चित्र बघताना चेहऱ्यापासून सुरुवात करू नये, हे मी तुम्हाला वर्गात घसा फोडून सांगायचो. चेहरे खोटे बोलतात. आधी हात बघ, कोण काय धरून आहे. तांब्या धरणाऱ्याची बोटे गळ्याभोवती पसरतात. हा हात मुठीत वळलेला आहे, दांडा धरल्यासारखा. स्मरणचित्रात याच चुकीसाठी मी तुमचे दोन गुण कापायचो. मग बघ, कोण कुणाकडे बघते आहे. पाणी घेणारा माणूस तांब्याकडे बघतो. तुझा बाप तांब्याकडे बघतच नाही, तो पत्र्याकडे बघतो आहे, आणि पाणी पाजणाराही त्याच्या तोंडाकडे न बघता बटणाकडे बघतो आहे. मग सावली बघ. मशिनावर पडलेली सावली तांब्याची नाही. ती मी झाकायला गेलोच नाही. शेवटी मागच्या मशिनांकडे बघ. आठ, नऊ, दहा नंबरच्या उजव्या बटणांवर एक-एक ठिपका आहे, तांदळाएवढा. त्याही पाचरीच आहेत. तुझ्या बापाने एकट्याने लोभ केला असता तर सगळ्या मशिनांना पाचर कोणी मारली? कोपऱ्यात सही आणि तारीख आहे, जानेवारी २०१७, आणि ती वार्निशच्या खाली आहे. एवढे पाहून झाले की ओला कापूस घे. घासू नकोस, नुसता फिरव.

कलम ६. हे कलम बुधवारी लिहितो आहे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक योगिनीताई. दुसरा भैरू असावा असे माझ्या मनात आले. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, फक्त आपल्यासमोर सही झाली एवढे पाहावे लागते. म्हणजे त्याने न वाचता सही करावी, मी मरावे, आणि मग सगळे बाहेर यावे, असा माझा बेत होता. त्याची सही या कागदावर असली की त्याने मला माफ केल्यासारखे दिसेल, इतका हलकट हिशेबही त्यात होता. लिहून ठेवतो.

काल सकाळी काळेवाडीला गेलो. भैरू आता एका सोसायटीत वॉचमन आहे. त्याने डाव्या हाताने खुर्ची पुढे सरकवली.

"काय लिव्हलंय ह्याच्यात?"

"साक्षीदाराला वाचायची गरज नसते रे."

"कंपनीनं बी असंच म्हणून दवाखान्यात अंगठा घेतला माझा. वाचल्याबिगर म्या आता कशावरच सही करत नाही."

मग मी सांगितले. सगळे, पेढ्यापर्यंत. गेटमधून एक स्कूटर आली, त्याने उठून वहीत नंबर लिहिला, डाव्या हाताने, सावकाश, आणि परत येऊन बसला.

"आठ वर्षांनी सांगायलास."

"हो."

"आन् ते बी मेल्यावर वाचायला. मेलेल्याला कोण उलटून इचारतंय? कोंडाजी म्हणंल, म्हातारं भरमलं व्हतं. चौकशीत मला एक माणूस पायजे व्हता, दत्तोबा. एकच. तू बारा पावलांवर व्हतास, म्या बघितलं व्हतं तुला. तू माझा साक्षीदार झाला नाहीस. म्या तुझा कामून व्हावं?"

छातीत दुखायला लागले, आणि खरे सांगतो, वाटले की आत्ताच इथेच आटपले तर बरे. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. म्हणाला, "मरू नको. म्या सांगितलेलं पोरीला खरं वाटत नाही. आधी तिच्यापुढं बोल. जित्तेपणी बोल. मंग बघू सहीचं."

संध्याकाळी शेखरला सगळे सांगून त्याच्याकडून चित्र रिक्षात घालून घेतले. शेखर वाटेत म्हणाला, "पप्पा, माझं परमनंटचं पत्र तुमच्या गप्प बसण्यावर मिळालं? आणि हे मला तुम्ही आत्ता सांगताय?" चित्र उतरवून ठेवले आणि बाहेर रस्त्यावर उभा राहिला. तो अजून माझ्याशी बोललेला नाही. शेखर, तुला त्रास होणार आहे. नोकरीला धक्का लागला तर तो माझ्यामुळे लागला असे खुशाल म्हण. मी तुझ्यासाठी गप्प बसलो असे मात्र कोणाला सांगू नकोस. मी भीतीने गप्प बसलो. तुझे नाव मी त्यापुढे धरले.

काळेवाडीच्या त्यांच्या खोलीत, भिंतीला टेकवून ठेवलेल्या चित्रापुढे मी दिव्याला सगळे सांगितले. भैरूच्या बायकोने बसायला स्टूल दिले. हात, नजर, सावली, मागची मशिने, काही समजावून द्यावे लागले नाही. पोरीने सावलीवर बोट ठेवले. मग तिनेच कापूस आणला. पहिल्या बोळ्याला तांब्या निघाला, दुसऱ्याला कापड. हातोडी दिसली, पाचर दिसली. तिने बापाकडे पाहिले नाही. मग म्हणाली, "पप्पा, मी तुम्हाला काय काय बोलले." भैरू तिकडे बघतच नव्हता. तो चित्रातल्या आपल्या उजव्या हातापाशी वाकून बसला होता आणि बोटे मोजत होता. "नखं बी काढलीत की रे," म्हणाला.

दिव्याने माझे बोलणे मोबाईलवर घेतले आहे. लेखी जबाबही दिला आहे, वेगळ्या कागदावर, माझ्या सहीने. तो घेऊन ती कारखाना तपासणीच्या ऑफिसात जाणार आहे. मी जगलो तर मीही जाईन. घाबरत जाईन, पण जाईन.

कलम ७. सबब कलम ५ मधील देणगी रद्द. ते चित्र आता माझ्या मिळकतीत नाही. मृत्युपत्राने देण्यासारखे माझ्याकडे ते उरले नाही, ते मी हयातीत देऊन मोकळा झालो. रविवारी टेम्पो आला तर मंजुळाने दार उघडू नये, असे मी लिहिणार होतो. भैरूने निघताना विचारले, "टेम्पो किती वाजता येतोय?" आठ वाजता म्हणालो. "मंग सातला येऊन बसतो तुझ्या घरी. वहिनीला म्हणावं चहा ठेव." मी माफीचे विचारले नाही, त्यानेही काही म्हटले नाही. माझी भीती गेलेली नाही. शुक्रवारची आहे, रविवारची आहे, शेखरची सगळ्यात जास्त आहे. ती माझ्याजवळच राहू द्यावी, कोणाला वाटून देऊ नये.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि गुरुवारी सकाळी, दवाखान्यात भरती होण्याआधी, दोन्ही साक्षीदारांच्या देखत त्यावर सही केली. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

स्थळ : मोशी
दिनांक : २० नोव्हेंबर २०२५

(सही) दत्तोबा भिवा सुरवसे

साक्षीदार १ : योगिनी प्रभाकर देवकाते, मोशी. सुरवसे काकांनी माझ्यासमोर सही केली. त्यांची प्रकृती व मनःस्थिती ठीक असल्याचे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे.

साक्षीदार २ : मी भैरू नामदेव काळदाते, काळेवाडी. कागद सगळा वाचला. दत्तोबानं माझ्यापुढं सही केली. म्या जवळच होतो, माझं लक्ष होतं, म्या बघितलं. इचारणारानं कधी बी इचारावं, म्या सांगीन.

(सही, डाव्या हाताने) भैरू